गाड्या बंद होत्या, रस्ता नव्हता

आमच्या बेळगावात प्रवासाचा बेत ठरवताना दोन पंचांगे बघावी लागतात. एक भिंतीवरचे आणि दुसरे मनातले. मनातल्या पंचांगात १ नोव्हेंबर ठळक अक्षरांत असतो. त्या दिवशी गावात राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि काळा दिनही असतो. म्हणून लग्नाची खरेदी, दवाखान्याची तारीख, कोल्हापूरची फेरी, सगळे त्याच्या अलीकडे नाहीतर पलीकडे. डिसेंबरात अधिवेशन भरले की पुन्हा तसेच. तेव्हा २०२५ची भाऊबीज झाल्यावर मावशी म्हणाली, "एक तारखेच्या आत मला घरला पोचवा बघू," तर का म्हणून कुणी विचारले नाही.

मावशी कोल्हापूरची. त्याच वर्षी फेब्रुवारीत काका गेले. वर्षाच्या आतली दिवाळी म्हणून तिच्या घरी सण नव्हता, आईनेच तिला बोलावून घेतले होते. आता आईही तिच्याबरोबर चार दिवस राहायला निघाली होती आणि दोघींना पोचवायला मी. खरे तर मला जायचेच होते. काका गेल्यापासून मी त्या घराची पायरी चढले नव्हते. आई मार्चमध्ये एक दिवस जाऊन आली, मी मात्र परीक्षांच्या कामाचे कारण सांगितले होते. कारण खरे होते, पण पुरते खरे नव्हते. ते पुढे सांगते.

सकाळी साडेआठला बसस्टँडवर कर्नाटकची निपाणी गाडी मिळाली. थेट कोल्हापूर गाडीही होती, पण आईचा हिशेब पक्का. २०२३च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना शक्ती योजनेत साध्या गाडीचा प्रवास फुकट आहे, मात्र तो राज्याच्या आत. थेट गाडीत बसलो तर पूर्ण पैसे. निपाणीला उतरून पुढची गाडी धरली तर निपाणीपर्यंत शून्य. आता सीमाभागातल्या प्रत्येक बाईला हे गणित तोंडपाठ आहे.

कंडक्टर तरुण होता. "एल्लिगे री?"

"निप्पाणी, मूरु," आई म्हणाली.

"आधार तोरस्री."

आईने आणि मी कार्ड दाखवले. मशीनमधून टरटर करत शून्य रुपयांची दोन तिकिटे आली. मावशीचे कार्ड त्याने उलटसुलट करून पाहिले. "अज्जी, इदु महाराष्ट्रदु. दुड्डु कोडबेक्री."

"कोडतीनी तम्मा. निंदेन तप्पु?" मावशी म्हणाली आणि कनवटीची पिशवी सोडू लागली. कोल्हापूरच्या अज्जीची ही घरगुती कानडी ऐकून तो हसला आणि माझ्याकडे वळून चक्क मराठीत म्हणाला, "ताई, शून्य तिकीट टाकू नका हं. चेकर येतोय."

गाडी काकतीच्या पुढे गेली. कित्तूरच्या राणी चन्नम्माचे हे जन्मगाव. वंटमुरीचा घाट लागला तशी मावशी आईला म्हणाली, "बघ आक्का, एका आईच्या पोटच्या आपण. तुला फुकट, मला पैसे."

आई म्हणाली, "तू लग्न करून गेलीस की तिकडं. मी काय करू?"

बोलणे गमतीचे होते, पण मी मनातल्या मनात हिशेब मांडू लागले. मी राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे ती खोड आहे. या दोघींचा जन्म संकेश्वरचा. आई १९५१ची, मावशी १९५५ची. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ला तो म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा आई पाच वर्षांची आणि मावशी वर्षाची. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला. त्यात बेळगाव म्हैसूरकडे ठेवून निपाणी महाराष्ट्राला द्यावी अशी शिफारस होती. ती अमलात आली नाही. १९७३मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले. २००४पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. २०१४च्या १ नोव्हेंबरला बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. एवढ्या घडामोडींत या दोघी फक्त एकेकदा हलल्या, लग्न होऊन सासरी गेल्या तेव्हा. बाकी वेळी त्या जिथल्या तिथे होत्या आणि राज्ये येत जात होती. वर्गात मी हे सगळे फळ्यावर तारखांसकट लिहिते आणि मुले वहीत उतरवून घेतात. त्यात मावशीच्या कार्डावरची कंडक्टरची शंका कुठे बसवायची, हे मात्र मला आजवर सुचलेले नाही.

मागच्या बाकावरच्या कॉलेजच्या पोरांनी मोबाइलवर कानडी गाणे लावले. मग त्यांचे भांडण झाले आणि सैराटचे लागले. त्यांना बहुधा ठाऊकही नसेल की २०१६च्या सैराटचा २०१७मध्ये 'मनसु मल्लिगे' नावाचा कानडी अवतार निघाला आणि दोन्हींत नायिका रिंकू राजगुरूच होती. आमच्या आईने दोन्ही पाहिले आहेत, आणि शेवट दोन्हींचा वाईट म्हणून दोन्हींवर तिचा राग आहे.

टीव्हीच्या बाबतीतही आईचे राज्य एक नाही. बिग बॉस ती दोन्ही भाषांत बघते. २०२४च्या ऑक्टोबरात मराठीत सूरज चव्हाण जिंकला, बारामती तालुक्यातल्या खेड्यातला, गरिबाघरचा पोरगा. पुढे २०२५च्या जानेवारीत कानडीत हनुमंत जिंकला, हावेरी जिल्ह्यातला, मेंढरे राखून गाणे म्हणणारा. मावशीने फक्त सूरजला पाहिले होते. आईने वाटेत तिला हनुमंताची सगळी कथा सांगितली आणि शेवटी म्हणाली, "तोबी आपल्या सूरजसारखाच गं. बोलायला येत नाही, पण मनानं सरळ." मावशीने लगेच विचारले, "लग्न झालंय का त्याचं?" सीमाप्रश्नावर असे बोलणारे प्रवक्ते मिळते तर फार बरे झाले असते.

संकेश्वर आले तेव्हा दोघी गप्प झाल्या. हिरण्यकेशीच्या पुलावरून गाडी गेली, दोघींनी नदीला हात जोडले. माहेरचे घर विकून पुष्कळ वर्षे झाली. तेव्हा माहेर म्हणजे आता आईच. इथे मला फेब्रुवारीची गोष्ट सांगितली पाहिजे.

काका गेले तेव्हा आई तापाने अंथरुणावर होती. अंत्यविधीला माझा भाऊ एकटा गेला आणि तसाच बंगळूरला कामावर परतला. बाराव्याला आईने जायचे ठरले. आमच्याकडे त्या दिवशी माहेरचा दुखवटा लागतो, म्हणजे माहेरच्या माणसाने आणलेले लुगडे नेसवायचे असते. आईवडील नाहीत, सख्खा भाऊ नाही, तेव्हा तो मान थोरल्या बहिणीचा. ताप उतरताच आई माझ्याबरोबर शहापूरला आली आणि दुकानात तासभर बसून तिने एक फिक्या जांभळ्या रंगाचे लुगडे घेतले.

नेमक्या त्या आठवड्यात आमच्या तालुक्यात धावत्या बसमध्ये भाषेवरून वाद होऊन कंडक्टरला मारहाण झाली. पाठोपाठ चित्रदुर्गकडे महाराष्ट्राच्या एसटीच्या ड्रायव्हरला काळे फासले गेले. मारहाण करणारे थोडे आणि काळे फासणारेही थोडेच, पण दोन्ही राज्यांनी एकमेकांकडच्या गाड्या थांबवल्या. २०२२च्या डिसेंबरातही असेच झाले होते. तेव्हा हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले होते. मी दिवसभर टीव्हीसमोर होते. मराठी चॅनेलवर एक पेटलेला पुतळा आणि कानडी चॅनेलवर दुसरा. दोन्हीकडे तीच चित्रे पुन्हापुन्हा फिरवत होते. केए-२२ नंबरची गाडी घेऊन कोल्हापुरात कसे जायचे, वाटेत कुणी अडवले तर कुठल्या भाषेत बोलायचे, असले प्रश्न मला पडू लागले. मी आईला म्हटले, "रस्ता बंद आहे. जाता येणार नाही." आईने एकदाच विचारले, "अगदीच बंद?" मी हो म्हटले. तिने लुगडे कपाटात ठेवले आणि त्यावर पुन्हा बोलली नाही. मार्चमध्ये गेली तेव्हाही ते नेले नाही. दिवस टळल्यावर दुखवटा देत नाहीत.

तवंदीचा घाट उतरून निपाणीला आलो. तंबाखूचे गाव. १९८१ साली शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे तंबाखूचे आंदोलन इथे गाजले, त्यात गोळीबारही झाला. स्टँडवर मराठी पाट्या, कानडी पाट्या आणि दोन्हींना न जुमानणारी भेळेची गाडी. पुढच्या गाडीला अर्धा तास होता म्हणून आम्ही चहा घेतला. दोघींचे पेन्शन आणि योजनांचे बोलणे चालले होते. आईला गृहलक्ष्मीचे दोन हजार मिळतात. मावशीच्या सुनेला लाडक्या बहिणीचे दीड हजार, पण मावशीला नाहीत, तिथे पासष्टची अट आहे. "म्हणजे सत्तरीत बहीण लाडकी राहत नाही," मावशी म्हणाली आणि आम्ही तिघीही हसलो.

हसता हसताच तिने ते सांगितले. तिला वाटले असणार, मला ठाऊक आहे. बाराव्याला गोकाकहून त्यांचा चुलतभाऊ आला होता, बायकोला घेऊन. कर्नाटकच्या गाडीने हद्दीच्या अलीकडे उतरला, थोडे चालला, पलीकडे वडापची जीप धरून कागलला आणि तिथून कोल्हापूरला. दुखवट्याचे लुगडे शेवटी त्याने दिले.

मी म्हटले, "पण मावशी, रस्ता बंद होता ना?"

"रस्ता कुठं बंद होता गं? गाड्या बंद होत्या. माणसं येत-जात होतीच की."

आईने कप खाली ठेवला. माझ्याकडे तिने पाहिले नाही. मावशीच्या ध्यानात काही आले असावे, कारण ती घाईघाईने म्हणाली, "आता ते काय काढायचं. आक्काला तापबी होता." ताप तर बाराव्याच्या आधीच उतरला होता. हे आम्हा तिघींनाही ठाऊक होते.

मी त्या वेळी एक फोन केला असता तर कळले असते. निपाणीत माझे विद्यार्थी आहेत, कागलला मैत्रीण आहे. मी कुणालाच विचारले नाही, चॅनेलला विचारले. वर्गात सीमाप्रश्नाची चाळीस मिनिटे शिकवणारी मी, त्या आठवड्यात ही सीमा आईच्या दारात नेऊन उभी केली. ती कुठल्याच सरकारने सांगितली नव्हती.

महाराष्ट्राची एसटी आली. आता कंडक्टर मराठी आणि मावशी खुशीत. महाराष्ट्रात २०२३च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट आहे, ते हद्दीपासून पुढे. "बघ आक्का, माझ्या सरकारनं तुझंबी निम्मं केलं की नाही?" तिने पैसे मला काढूच दिले नाहीत. यमगर्णीजवळ वेदगंगा आली, पावसाळ्यात महामार्गावर पाणी आणणारी. रस्ता रुंद करण्याच्या कामामुळे गाडी रखडत होती. कोगनोळीचा नाका दिसला. करोनाच्या काळात, २०२१मध्ये, इथेच तपासणीचा अहवाल दाखवून पुढे जावे लागे. आज कुणी थांबवले नाही. डावी-उजवीकडे ऊस होता. हद्द नेमकी कुठल्या सरीत संपते ते उसावरून सांगता येत नाही. मी खिडकीतून काहीतरी शोधत होते. बहुधा तो चालत गेलेला तुकडा, जिथून गोकाकची ती दोघे पिशवी घेऊन गेली. तो सापडला नाही. खूप लांबचा नव्हता, एवढे मात्र कळले.

कोल्हापुरात घरी पोचल्यावर मी काकांच्या फोटोला नमस्कार केला. आईने बेळगावहून आणलेला कुंदा फोटोपुढे ठेवला. काकांना तो फार आवडायचा आणि दर खेपेला, "यात साखर जास्त घालतात तुमचे बेळगाववाले," असे म्हणत ते दोनदा घ्यायचे. मावशी हातपाय धुऊन, लुगडे बदलून बाहेर आली. फिक्या जांभळ्या रंगाचे होते. मी ओळखले. दिवाळीत आईने तिला ते सणाचे म्हणून दिले असावे, दुखवट्याचे नाव न घेता. काय बोलावे ते मला सुचेना.

"चांगलं दिसतंय," मी म्हटले.

"आक्कानं घेतलंय," मावशी म्हणाली. "शहापूरचं."

संध्याकाळी मी एकटी परत निघाले तेव्हा आई दारापर्यंत आली. "जाऊन येतो म्हण," तिने सांगितले, आणि मीही आमच्या बेळगावी बायकांसारखी 'येतो' म्हटले. मग ती म्हणाली, "एक तारखेनंतर काही झालं, गाड्या बिड्या थांबल्या, तर घाबरू नको. मी येतो की कोगनोळीपर्यंत. तिथून चालत."

तिला न्यायला मी त्या टोकाला उभी राहीन, असे मी तिला सांगितले. यंदा तशी वेळ आली नाही. एक तारीख आली आणि गेली, आई साध्या लाल गाडीने निपाणीमार्गे परत आली, शून्य तिकीट जपून. पण आमच्या घरातल्या फोनजवळच्या वहीत आता एक पान आहे. त्यावर निपाणीचे दोन नंबर आहेत, कागलचा एक आणि कोगनोळीच्या चहावाल्याचा एक. पुन्हा कधी बातम्या पेटल्या तर आधी ते पान उघडायचे ठरले आहे. तुमच्याही घरी हद्दीपलीकडे कुणी मावशी, आत्या, लेक असेल. तसे एक पान करून ठेवा.