एका एंजिनाची निवड

गेल्या दिवाळीनंतर दोन महिने आमच्या घरांत एका स्थळाची चौकशी चालली होती. वजन किती, स्वभाव तापट कीं शांत, थंडीच्या सकाळीं चटकन् उठतें कीं आढेवेढे घेतें, खाण्यापिण्याच्या खोडी काय, इतका बारीक तपास घरांतल्या एकाहि मुलीच्या लग्नाच्या वेळीं झाला नव्हता, असें वहिनी म्हणाल्या. आणि त्यांत फारशी अतिशयोक्ति नव्हती. स्थळ होतें एक फोर-स्ट्रोक एंजिन, आणि तें बसावयाचें होतें दादांनीं स्वतःच्या हातांनीं बांधलेल्या, रेडिओनें चालणाऱ्या विमानाच्या नाकावर.

दादा म्हणजे माझे थोरले बंधु. नोकरींतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं ना पोथी हातीं घेतली, ना सकाळच्या फिरण्याचें मंडळ काढलें. त्यांनीं बाल्साचें हलकें लांकूड आणविलें आणि माडीवरच्या खोलींत तें पातळ सुरीनें कापीत बसूं लागले. हें विमान त्यांना दोन वर्षें पुरलें. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १.६ मीटर, आणि सर्व सरंजामासह वजन सुमारें ३.२ किलो. जात कसरतीची: म्हणजे आकाशांत सरळ उभें चढावें, कोलांटी घ्यावी, उलटें होऊन उडावें, आणि पुन्हां शहाण्यासारखें जमिनीवर यावें. हातभर अंतरावरचें काम दादांना अजून चोख दिसतें. पण दूरचें आकाश त्यांच्या डोळ्यांना आतां धूसर झालें आहे. म्हणून उडविण्याचें काम पुतण्याकडे गेलें; आणि मीं आयुष्यभर यंत्रशास्त्र शिकविलें, म्हणून एंजिन निवडण्याचें काम माझ्याकडे आलें.

तें स्वीकारतांना मला संकोच वाटला, त्यालाहि कारण होतें. आठ वर्षांपूर्वीं दादांच्या पहिल्या विमानाला एंजिन मींच सुचविलें होतें. नकाशावर लिहिलें आहे त्याहून मोठें घ्या, जोर जास्त असला तर बिघडतें काय, असें मीं म्हटलें, आणि दादांनीं ऐकलें. तिसऱ्या उड्डाणांत विमान भर वेगानें खालीं झेपावलें आणि शेपटीवरचें आडवें सुकाणू फडफडूं लागलें. ठराविक वेगापलीकडे ही फडफड आपली आपणच वाढत जाते. डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच सुकाणू तुटलें आणि विमान शेतांत नाक खुपसून पडलें. दादांनीं मला एका शब्दानें दोष दिला नाहीं. त्यांनीं खांद्यावरचा पंचा पसरला आणि त्यांत एकेक तुकडा वेंचून घेतला. तो पंचा माझ्या डोळ्यांपुढून कधीं हलला नाहीं.

वाचकांपैकीं पुष्कळांचा या छोट्या एंजिनांशीं परिचय नसेल, म्हणून दोन शब्द सांगतों. फोर-स्ट्रोक एंजिनांत पिस्टनच्या चार हालचालींचें एक आवर्तन असतें: हवा आणि इंधन आंत ओढणें, तें दाबणें, तें जळून धक्का देणें, आणि धूर बाहेर लोटणें. निकोलाउस ओटो या जर्मन गृहस्थानें १८७६ सालीं असें एंजिन चालवून दाखविलें. आणि बरोबर शंभर वर्षांनीं, १९७६ सालीं, जपानांतील ओ. एस. या कारखान्यानें तेंच तत्त्व विमानांच्या प्रतिकृतींसाठीं १० घन सेंटीमीटरच्या एंजिनांत उतरवून बाजारांत आणलें. तोंपर्यंत या छंदांत बहुधा टू-स्ट्रोकचेंच राज्य होतें. टू-स्ट्रोकला प्रत्येक फेऱ्यास एक धक्का मिळतो, फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एक. त्यामुळें सारख्या आकारांत टू-स्ट्रोकचा जोर अधिक. पण तें मिनिटास बारा-बारा हजार फेरे घेत किंचाळतें. फोर-स्ट्रोक आठ-नऊ हजार फेऱ्यांतच मोठा पंखा फिरवितें, आणि त्याचा आवाज घुमारेदार असतो. ही तूट भरून निघावी म्हणून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत एके काळीं टू-स्ट्रोकला १० घन सेंटीमीटरची मर्यादा असतां फोर-स्ट्रोकला २० पर्यंत मुभा होती.

पुतण्या या २० चाच आग्रह धरून बसला. "काका, पंधराचें घेऊन मागून हळहळण्यापेक्षां वीसचेंच घेऊं. थ्रॉटल शेवटीं आपल्याच हातांत ना?" हा युक्तिवाद मला ओळखीचा वाटला, आठ वर्षांपूर्वीं तो माझ्याच तोंडीं होता. त्यानें दुसराहि एक प्रश्न टाकला. हल्लीं मोठमोठ्या स्पर्धांत विजेच्या मोटारी सर्रास दिसतात, मग हें तेलकट एंजिन हवेंच कशाला? याला मजजवळ उत्तर नव्हतें. दादाच हळू आवाजांत म्हणाले, "मला ऐकूं यायला हवें." त्याचा अर्थ आम्हां दोघांनाहि त्या वेळीं कळला नाहीं, पण वडील माणसाची इच्छा म्हणून विजेची गोष्ट तेथेंच थांबली.

मग मीं कागद-पेन्सिल घेऊन पुतण्याला जवळ बसविलें. आमच्या विचारांतल्या १५ आणि २० च्या दोन एंजिनांच्या वजनांत २८० ग्रॅमचा फरक होता. एंजिन विमानाच्या तोलबिंदूपुढें २८ सेंटीमीटरांवर. शेपटी त्याच बिंदूमागें ८५ सेंटीमीटरांवर. तेव्हां नाकावरचे २८० ग्रॅम तोलण्यास शेपटींत सुमारें ९२ ग्रॅम शिसें भरावें लागणार. म्हणजे वाढ २८० ची नव्हे, ३७२ ग्रॅमची, ३.२ किलोंवर जवळजवळ बारा टक्क्यांची. इतक्या वजनानें हवेंत तरून राहण्याचा किमान वेग पांच-सहा टक्क्यांनीं वाढतो, उतरतांना चाकांना हिसका अधिक बसतो, आणि ज्या लांकडी फळीवर एंजिन आवळतात तिच्यावरचा ताण निराळाच. "म्हणजे विकत घेतलेल्या जोराचा कांहीं भाग शिसें वाहण्यांतच जायचा," पुतण्या म्हणाला. मला बरें वाटलें. त्याचें त्यालाच कळलें होतें.

तरी त्यानें वाय. एस. च्या एंजिनाचें नांव काढलेंच. या जपानी एंजिनांत पिस्टनखालच्या पोकळीचा पंपासारखा उपयोग करतात. पिस्टन दोनदां खालीं येतो तेव्हां सिलिंडर एकदांच भरतो. म्हणून त्यांत हवा दाबून भरली जाते आणि त्याच आकारांत पुष्कळ अधिक जोर निघतो. कसरतींच्या स्पर्धांत त्यांनीं नांव कमावलें तें उगाच नव्हे. पण त्यांना नायट्रोमिथेन भरपूर असलेलें इंधन मानवतें. आमच्याजवळ होतें मिथेनॉल, एरंडेल, आणि नायट्रोमिथेन नांवापुरतें. रोज श्रीखंड मागणारा जांवई आमटी-भाताच्या घरांत कसा नांदावा? एरंडेलाचें नांव निघतांच वहिनींनीं नाकाला पदर लावला. लहानपणीं नाक दाबून पाजलेलें तें औषध एंजिनालाहि वंगण म्हणून पाजतात, हें ऐकून त्यांना एंजिनाची दया आली. मिथेनॉल मात्र विष आहे, आणि त्याची ज्योत भर उन्हांत डोळ्यांना दिसत नाहीं. तो डबा कुलपांतच राहिला.

निकाल लागला तो मात्र वजनानेंहि नव्हे आणि इंधनानेंहि नव्हे. हवाई कसरतींचें सौंदर्य एकसारख्या गतींत असतें. उभें चढतांना विमान रेंगाळूं नये आणि उभें उतरतांना सुसाट सुटूं नये. चढतांना ओढण्याचें काम कोणतेंहि दांडगें एंजिन करील. पण उतरतांना? फोर-स्ट्रोकचा मोठ्या व्यासाचा पंखा, एंजिन मंद केलें असतां, समोरच्या वाऱ्याला अडवितो आणि विमानाला मागें धरून ठेवतो. त्यासाठीं एंजिन मिनिटास दोन-सव्वादोन हजार फेऱ्यांपर्यंत मंदावलें पाहिजे, आणि मंदावून विझतां कामा नये. आठ वर्षांपूर्वीं मीं जोर मोजला तो केवळ चढण्याचा. पहिलें विमान चढतांना मोडलें नव्हतें. मोडलें तें उतरतांना, कारण त्याला आवरणारें कांहींच नव्हतें.

हें मीं पुतण्याला सांगितलें. तो अपघात दादांच्या बांधणीचा दोष नव्हता, माझ्या सल्ल्याचा होता, हेंहि सांगितलें. खिडकीपाशीं बसलेल्या दादांनीं वर पाहिलें नाहीं. "झालें तें झालें," एवढेंच म्हणाले, आणि सुरीला धार लावूं लागले.

पंधराचें साधें एंजिन घेतलें. वाल्व्हची फट ०.०४ ते ०.१ मिलिमीटरच्या आंत बसवून तें कित्येक दिवस जमिनीवरच सावकाश चालविलें. मंद ठेवून पुन्हां पुन्हां पाहिलें. संक्रांतीनंतरच्या रविवारीं आम्ही गांवाबाहेरच्या माळावर गेलों. दादा खुर्चीवर बसले आणि विमान उठतांच त्यांनीं डोळे मिटले. "चढतें आहे," ते म्हणाले. आणि विमान खरोखरच उभें चढत होतें. "आतां वळलें." तेंहि खरें होतें. त्यांना ऐकूं कां यायला हवें होतें, तें तेव्हां मला कळलें. आम्ही डोळ्यांनीं पाहात होतों तें ते कानांनीं पाहात होते.

मग पुतण्यानें विमान वरून सरळ खालीं सोडलें, आणि आवाज जवळजवळ नाहींसा झाला. दादांनीं माझें मनगट घट्ट धरलें. "बंद पडलें?"

"नाहीं, दादा. आवरून धरलें आहे."

विमान संथपणें, दोरीनें सोडल्यासारखें खालीं येत होतें. दोन क्षणांनीं तो घुमारा पुन्हां भरून आला आणि मनगटावरची पकड सैल झाली.

विमान उतरल्यावर दादांनीं पिशवींतून तोच जुना पंचा काढला. तो त्यांनीं कशासाठीं आणला होता, हें मीं विचारलें नाहीं. पंखांवर एरंडेलाचे शिंतोडे उडाले होते. दादा तेथेंच मांडी घालून बसले आणि त्या पंच्यानें एकेक पंख पुसूं लागले.