खर्ज

रात्रीचे साडेअकरा. घर झोपलंय. कॉम्प्युटरवर मल्लिकार्जुन मन्सूर लावले, आवाज शंभरपैकी अगदी 12वर. गाणं ऐकू येत होतं, पण तानपुऱ्याचा खर्ज कुठे गेला? आवाज हळू केला की कानाला खालचे सूर जास्त बुजल्यासारखे वाटतात. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी 1933 साली हे मोजून दाखवलं होतं. मग हेडफोन लावले. प्लेअरची पट्टी पूर्ण वर ठेवून विंडोजची पट्टी एकेक आकडा सरकवत गेले. 26वर खर्ज आला, खोलीभर पसरल्यासारखा. भरून आलं. पुढे द्रुतमध्ये तबला अंगावर येऊ लागला, तरी पट्टीला हात लावला नाही. गायकानं रचलेला चढ मी का सपाट करावा? तानपुरा थांबला तेव्हा पाऊण वाजला होता.