वळिवड्यास जाऊन आलो

कोल्हापुराहून मिरजेकडे निघालेली आगगाडी गूळ-मार्केट सोडून थोडी पुढे गेली म्हणजे वळिवडे नावाचे एक लहानसे स्थानक लागते. उतारूंपैकी फारच थोडे त्याच्याकडे मान वळवून पाहतात. आम्हीही इतकी वर्षे या मार्गाने जा-ये करीत असता कधी पाहिले नव्हते. गेल्या माघात पुतणीच्या लग्नाचा आहेर घ्यावयाचा म्हणून मंडळींसह जवळच्याच गांधीनगरच्या कापड-बाजारात जाणे झाले. लुगडी पसंत करण्याच्या कामी पुरुषमाणसाचा उपयोग किती, हे वाचक जाणतातच. आम्ही दुकानाच्या पायरीवरून हळूच उठलो व ज्याकरिता मनातून आलो होतो ते पाहावयास निघालो.

आमच्या तीर्थरूपांच्या तोंडी 'पोलंडचा कँप' हे शब्द वारंवार येत. तो कँप येथेच होता. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश माणसे या माळावर राहत होती. त्यांत बायका, मुले व म्हातारी माणसेच अधिक. लांबच लांब बराकी, वर कौले, चटयांच्या भिंती, प्रत्येक बिऱ्हाडापुढे लहानशी ओसरी. शाळा, इस्पितळ, प्रार्थनामंदिर, इतकेच नव्हे तर सिनेमागृहदेखील होते. हल्ली कोणी म्हणतात, कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांस आसरा दिला. त्या वेळी गादीवर दोन वर्षांचे बालक होते व कारभार रीजन्सीकडे होता, हे ध्यानात ठेवलेले बरे. छावणीचा खर्च प्रथम लंडनमधील पोलिश निर्वासित सरकार सोशीत असे. संस्थानाने जागा दिली व शेजार दिला, हेही काही थोडे नव्हे.

'निर्वासित' हा शब्द आम्ही वर्गात कितीदा तरी सोडवून दाखविला असेल. ते कर्मणि रूप आहे. ज्यास कोणीतरी घराबाहेर घातले, तो. परंतु घातले कोणी आणि तेथून येथवर तो आला कोणत्या वाटेने, हे व्याकरण सांगत नाही.

वाट अशी. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनी व पूर्वेकडून सोव्हिएट रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. १० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे पूर्व पोलंडातील हजारो घरांच्या दारांवर थापा पडल्या. कडाक्याची थंडी, बोचके बांधण्यास अर्धा घटका मिळाली तरी पुष्कळ. मग मालगाडीचे डबे, मध्ये एक लोखंडी शेगडी, शौचास तळाला भोक, आणि आठवड्यांचा प्रवास. कोणी आर्खांगेल्स्कच्या रानात लाकडे तोडावयास, कोणी सायबेरियात, कोणी पुढच्या फेऱ्यांत कझाकस्तानच्या ओसाड माळावर. अशा चार फेऱ्या जून १९४१ पर्यंत झाल्या. सोव्हिएट दप्तरांप्रमाणे नेलेल्यांची संख्या तीन लाखांवर जाते. पोलिश लोकांचे जुने अंदाज त्याहून कितीतरी मोठे आहेत.

पुढे हिटलर रशियावरच उलटला आणि ३० जुलै १९४१ रोजी लंडनला करार होऊन या लोकांस 'माफी' मिळाली. अपराध कोणता, हे विचारण्याची सोय नव्हती. सुटका झाली, पण गाडीचे तिकीट कोण देणार? दक्षिणेस जनरल आंदेर्स पोलिश फौज उभारीत आहेत एवढी वार्ता कानी आली आणि माणसे निघाली. मिळेल त्या मालगाडीत शिरावे, स्थानकावर उकळते पाणी व भाकरीचा तुकडा आणावयास उतरावे, तोच गाडी सुटावी. कित्येक मायलेकरांची ताटातूट अशी झाली. उझबेकिस्तानात उष्ण हवा मिळाली, पण तिच्याबरोबर प्रलापक सन्निपात व हगवण हीही मिळाली. गुझार गावी फौजेच्या तळाभोवती कबरींची रांगच लागली. सैनिक आपल्या शिध्यातून पोरांना वाटा देत.

आम्हांस सर्वांत अधिक चटका लावून गेली ती पुढची गोष्ट. देशाबाहेर जाण्याची मोकळीक फौजेस व तिच्या आप्तांस होती, इतरांस नव्हती. तेव्हा आपण जगत नाही, पोरे तरी जगोत, असे म्हणून आयांनी आपली मुले पोलिश अनाथालयाच्या दारी नेऊन सोडली. जिवंत आईने मुलास पोरके म्हणून लिहवून द्यावयाचे! जे मागे राहिले त्यांस १९४३ च्या आरंभी सोव्हिएट प्रजाजन ठरविण्यात आले व वाट मिटली.

१९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये व पुन्हा ऑगस्टमध्ये क्रास्नोव्होद्स्क बंदरातून (आजचे तुर्कमेनबाशी) खचाखच भरलेल्या जहाजांनी कास्पियन समुद्र ओलांडून सुमारे १,१५,००० माणसे इराणात पहलवी बंदरास, म्हणजे आजच्या अंझलीस, उतरली. त्यांत फौजेबाहेरची सुमारे ३७,००० होती. काही मुले आश्काबादहून मोटारलॉऱ्यांनी डोंगर ओलांडून मेशेदमार्गे निराळी आली. पहलवीच्या वाळूवर उवांनी भरलेले कपडे जाळले, डोकी भादरली, तंबू दिले, पोटभर अन्न दिले. त्या अन्नानेच कित्येक गेले. दोन वर्षे उपाशी राहिलेल्या आतड्यांस स्निग्ध जेवण सोसले नाही. अंझलीच्या दफनभूमीत सहाशेहून अधिक पोलिश कबरी आहेत. तेथून तेहरान, अहवाझ, कराची, आणि मग कोणी जामनगरजवळ बालाचडीस, कोणी आफ्रिकेत, कोणी आमच्या पंचगंगेकाठी.

आमच्या जुन्या घरी शुक्रवार पेठेत अशीच एक बाई एके दुपारी मुलीस घेऊन पाणी मागावयास आली होती, हे तीर्थरूप सांगत. ते तेव्हा बारा वर्षांचे होते. आजीने वरून ओंजळीत पाणी घातले. मुलीस ओंजळ धरता येईना, म्हणून शेवटी तांब्या दिला. तो तांब्या पुन्हा घरात घेतला नाही. आजी स्वभावाने दुष्ट नव्हती, रीतच तशी होती. पण ती बाई पाहत असता तांब्या बाजूस ठेविला गेला, याची खंत तीर्थरूपांस अखेरपर्यंत होती. ती कोठून कशी आली हे आम्हांपैकी कोणी विचारलेच नाही, असे ते म्हणत. १९४८ च्या जानेवारीअखेर महात्माजींच्या खुनानंतर कोल्हापुरात ब्राह्मणांची घरे जळाली, त्यांत आमचेही गेले. रात्री नदीपलीकडे एका मराठा शेतकऱ्याच्या गोठ्यात आमची मंडळी अकरा दिवस होती. त्या माउलीने आजीस आपल्याच घागरीचे पाणी दिले आणि आजी मुकाट्याने प्याली. याविषयी आजी पुढे कधी बोलली नाही.

त्याच वर्षी पोलिश मंडळी निघाली. महायुद्ध संपले होते, पण त्यांचा पूर्व पोलंड आता रशियाच्या हद्दीत गेला होता, परतावयाचे कोठे? बहुतेक जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा दिशांस पांगले. आणि त्या रिकाम्या बराकीत फाळणीने सिंधमधून हाकलले गेलेले लोक येऊन राहिले. तेच हे गांधीनगर.

एका दुकानाच्या गादीवर पंचाहत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. त्यांस बराकींविषयी विचारता ते अस्सल कोल्हापुरी मराठीत म्हणाले, "गुरुजी, माझा जन्मच बराकीतला की!" त्यांचे वडील कराचीहून बोटीने मुंबईस, तेथून कल्याणच्या छावणीत व मग इकडे आले. "आई सांगायची, दारापुढं विटा लावून फुलांचे वाफे केलेले होते. कुणी केले ते काही ठावं नव्हतं. तिनं फुलं उपटली आणि मेथी लावली." थोडे थांबून ते म्हणाले, "फुलं उपटताना तिला वाईट वाटलं होतं म्हणे."

बराकींचे आता काही उरलेले दिसले नाही. जेथे पाहावे तेथे गाठोडी, हातगाड्या आणि पाट्या. कोल्हापुरात महावीर उद्यानात या लोकांचे स्मारक आहे. वॉर्सा शहरीही वळिवड्याच्या छावणीचे स्मारक असून २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तेथे अभिवादन केले. आपल्या गावाचे नाव इतक्या दूर दगडावर कोरले गेले आहे, हे त्या दुकानदारास ठाऊक नव्हते. त्याने ते आमच्याकडून कागदावर लिहून घेतले.

तितक्यात चिरंजीव शोधीत आले. आहेर झाला होता, फक्त व्याह्यांचे धोतरजोड राहिले होते; ते आम्ही त्याच दुकानातून घेतले. पैसे देण्यापूर्वी त्यांनी पाणी मागविले. आम्ही प्यालो.