तेल जातं कुठे?

पॉवर स्टिअरिंगचं तेल जळत नाही. इंजिन ऑईल थोडंफार जळतं, रेडिएटरमधलं पाणी वाफ होऊन उडू शकतं, डिझेल तर जळण्यासाठीच भरलेलं असतं. स्टिअरिंगचं तेल मात्र डब्यातून पंपात, पंपातून स्टिअरिंग बॉक्समध्ये आणि बॉक्समधून परत डब्यात, एवढंच फिरत राहतं. डब्यात ते कमी दिसलं, म्हणजे कुठून तरी बाहेर पडलंय. जुन्या ट्रकांवर काम करताना मी सगळ्यात आधी एवढंच धरून चालतो. डबा भरायला दोन मिनिटं पुरतात. गेलेलं तेल कुठे गेलं हे हुडकायला अख्खी दुपार जाते, आणि ती दुपार द्यावीच लागते.

आमच्या कऱ्हाडच्या बाजूला गळीत हंगाम जवळ आला, की उसाच्या गाड्या कामाला येऊ लागतात. ट्रकच्या स्टिअरिंगचे सगळ्यात जास्त हाल उसाच्या फडात होतात. जमीन ओली, गाडी वरपर्यंत भरलेली, आणि जागच्या जागी स्टिअरिंग पूर्ण काटून ती पाणंदीवर काढायची. पुढच्या अ‍ॅक्सलवर पाच-सहा टन वजन बसलेलं असताना पंपाला तेलाचा दाब शंभर बारच्या वर न्यावा लागतो. टायरमध्ये आपण जेवढी हवा भरतो, त्याच्या दहापटीहून जास्त दाब एका रबरी होजमध्ये उभा राहतो. जुना होज, दबलेला तांब्याचा वॉशर, कडक झालेलं ऑईल सील यांची खरी परीक्षा तिथे होते.

पॉवर स्टिअरिंगचा जन्मच मुळी ट्रकच्या ओझ्यापायी झाला. फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकन इंजिनिअर पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. जड गाड्या वळवताना ड्रायव्हरांची होणारी दमछाक त्यानं जवळून पाहिली आणि 1926 मध्ये तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग एका गाडीवर बसवून दाखवलं. त्यानं व्हॉल्व्ह उघडा ठेवला. गाडी सरळ चालली असताना तेल नुसतं फिरत राहतं; चाक वळवलं की व्हॉल्व्ह एका बाजूची वाट आवळतो आणि दाब तेवढ्यापुरताच तयार होतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारीत पॉवर स्टिअरिंग यायला 1951 उजाडलं. ती गाडी क्रायस्लरची इम्पिरियल. आजही आमच्या हाताखालून जाणारे बॉक्स याच तत्त्वावर चालतात. दाब सतत नसतो म्हणून बारीक गळती उभ्या गाडीत दिसत नाही, हेही त्याच तत्त्वातून येतं. ती पाहायची तर इंजिन चालू ठेवून चाक वळवावंच लागतं.

माझी तपासणी फडक्यापासून सुरू होते. डब्याच्या झाकणाभोवती धूळ, पाचटाचा चुरा आणि डिझेलचा चिकटा यांचा थर असतो. तो नीट पुसल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. पंपाच्या पात्यांमध्ये आणि बॉक्सच्या व्हॉल्व्हमध्ये फटी केसाहून बारीक असतात. झाकण उघडताना आत पडलेला कण गळतीपेक्षा महाग पडू शकतो.

गाडी सपाट जागेवर, पुढची चाकं सरळ, हँडब्रेक ओढलेला, तेल गरम आणि इंजिन आयडलिंगला. दांडी पुसून पुन्हा बुडवायची. तेल वरच्या खुणेपाशी असलं पाहिजे. पुष्कळजण इथेच थांबतात. मी पुढे एक गोष्ट करतो. झाकण उघडं ठेवून क्लीनरला इंजिन बंद करायला सांगतो आणि नजर डब्यात ठेवतो. इंजिन थांबलं की पातळी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर येते, ते ठीक. त्याहून जास्त चढली, तर आत हवा शिरली आहे. तेल दाबानं आकसत नाही, हवा आकसते; इंजिन थांबलं की ती फुगते आणि तेलाला वर ढकलते. एवढ्या साध्या निरीक्षणातून पंपाकडे जाणाऱ्या नळीचा ढिला क्लिप कितीदा तरी सापडतो. ती ओढीची नळी असल्यानं तिच्यातून तेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत जाते.

मग रंग. स्टिअरिंगमध्ये घालतात ते एटीएफ चांगलं असेल तर लाल आणि पारदर्शक असतं. तो लाल रंग मुद्दाम घातलेला असतो, कारण जमिनीवर पडलेला थेंब कुणाचा हे त्यावरून कळतं. इंजिनचं तेल काळं, गिअरचं मधासारखं घट्ट आणि उग्र वासाचं. स्टिअरिंगचं तेल तपकिरी होऊन करपट वास मारू लागलं, तर ते तापून मेलेलं आहे. त्यात नवं ओतून भागत नाही, ते बदलायचं आणि डब्यातला फिल्टरही बदलायचा. दुधाळ दिसलं तर पाणी किंवा हवा. आणि वाटेत नड पडली म्हणून ब्रेक ऑईल कधीही घालायचं नाही. त्यानं आतली रबरी सीलं फुगतात आणि धड असलेलंही गळायला लागतं.

एक आबा आहेत, जुनी दहाचाकी चालवतात. मध्यंतरी आले आणि म्हणाले, "मिस्त्री, आठवड्याला अर्धा लिटर घालतोय. खाली एक थेंब दिसंना."

"आबा, इंजिनचं ऑईल कधी बघितलंत?"

"ते झकास हाय की. उलट वाढलंय."

तिथेच उत्तर मिळालं. काही इंजिनांवर हा पंप पट्ट्याऐवजी थेट गिअरवर चालतो. त्याच्या शाफ्टचं सील गेलं, की तेल बाहेर न पडता टायमिंग गिअरच्या बाजूनं इंजिनाच्या चेंबरमध्ये उतरतं. गाडीखाली जमीन कोरडी, आणि इंजिनाचं तेल मात्र पातळ होत जातं. तसंच चालवत राहिलं असतं, तर सीलाच्या जागी बेअरिंगांचा खर्च आला असता. पंप उतरवला, सील बदललं, इंजिन ऑईलही नवं भरलं.

नळी किंवा पंप उघडला, की एअर काढणं आलंच. मागच्या चाकांना दगड, पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर आणि खाली भक्कम ठोकळे. डबा भरत राहायचं आणि चाक सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. टोकाला नेऊन धरून ठेवायचं नाही. तिथे दाब शिगेला पोचतो आणि तेल काही सेकंदांत तापतं. चालू इंजिनात होजवरून बोट फिरवून गळती शोधायची नाही. त्या दाबाची बारीक धार कातडीत घुसते. पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, त्यावर लाल डाग उमटतो.

हे सगळं झाल्यावर मी ड्रायव्हरला एकच काम देतो: केबिनच्या दाराच्या आतून तारीख आणि किती तेल घातलं ते लिहायचं. डबा कितीही वेळा भरला तरी गळती किती वेगानं वाढतेय हे आठवणीवर कळत नाही, आकड्यांवर कळतं. महिन्याला पाव लिटर लागत असेल, तर पुढच्या कामात सील बघू. रोज पाव लिटर लागू लागलं, तर ती गाडी कुंभार्ली घाटात न्यायची नाही. तेल संपल्यावर स्टिअरिंग तुटत नाही, पण एकदम जड होतं, आणि भरल्या गाडीला वळणावर तेवढं पुरतं. कारखान्यावरची पाळी चुकेल, मालक बोलेल. तरी होज बदलूनच गाडी बाहेर काढायची.