पुन्हा विद्यार्थिनी

सांदीपनींच्या आश्रमात श्रीकृष्णांनी ६४ दिवसांत ६४ कला आत्मसात केल्या, ही कथा आमच्या उज्जैनीत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवली जाते. आम्हां दोघी जावांना मात्र एम.ए.साठी नुसते विद्यापीठ निवडावयास चार महिने लागले. थोरलीचे वय ५९, धाकटीचे ५४. दोघीही बी.ए. होताच बोहल्यावर चढलो आणि पुढील शिक्षण 'मग पाहू' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळले गेले. मुले मार्गी लागली, तेव्हा कोठे ते 'मग' उगवले.

विषयाबद्दल मतभेद नव्हता. क्षिप्रेच्या काठी संसार केल्यावर इतिहासावाचून दुसरे काय सुचणार? अडले ते विद्यापीठापाशी.

सर्वांत जवळचे म्हणजे १९५७ साली विक्रम विद्यापीठ या नावाने स्थापन झालेले आमच्या गावचेच. भीमबेटकाची शैलचित्रे त्याच वर्षी अभ्यासकांच्या नजरेस आणणारे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर पुढे याच विद्यापीठाशी निगडित होते. तेथील अध्ययनशाळेत नाव घालायचे तर रोज वर्गात बसावयाचे आणि हजेरीची अट पाळावयाची. दुसरा मार्ग १९८५ साली निघालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा. तेथे वयाची वरची मर्यादा नाही, अभ्यास घरबसल्या होतो, आणि दोन वर्षांचा पाठ्यक्रम सवडीने लांबविण्याची मुभाही आहे.

मन ओढ घेत होते नाशिककडे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून शिकवीत आहे. परंतु त्याची अभ्यासकेंद्रे महाराष्ट्रात. आणि खरे सांगायचे तर आमची मराठी देवघरात, स्वयंपाकघरात आणि भांडणात तरबेज असली, तरी उत्तरपत्रिकेत 'उत्खनन', 'स्तरीकरण' लिहिताना ती चाचपडली असती. आमचे शिक्षण हिंदीतून झाले. महाराष्ट्राबाहेरील अनेक घरांची हीच स्थिती असेल. तेव्हा परीक्षा हिंदीतून, आणि चर्चा मराठीतून, असे ठरले.

या दिवसांत वारंवार आठवण झाली ती गजानन माधव मुक्तिबोधांची. मराठी घरातला हा हिंदीचा थोर कवी काही काळ उज्जैनीत राहिलेला. १९३८ साली इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून बी.ए. झाल्यावर त्यांनी नागपूर विद्यापीठाची एम.ए. पदवी मिळविली ती पस्तिशी उलटल्यावर, संसार आणि नोकऱ्यांची ओढाताण सोशीत. १९५८ साली ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक झाले. त्यांच्या पदवीमागे पोटापाण्याचा प्रश्न होता. आम्हांला तर कोणी नोकरी देणार नाही. मग आम्हांला नेमके हवे तरी काय होते? पदवीचा कागद, की वर्ग?

उत्तर दोघींचेही एकच निघाले : वर्ग. फळ्यासमोरचा बाक, शेजारणीची वही, न समजल्यास उभे राहून विचारण्याचा हक्क. आणि तेथेच खरी अडचण उभी राहिली. सासूबाई ८६ वर्षांच्या असून अंथरुणाला खिळलेल्या आहेत. दोघींपैकी एकच जण रोज बाहेर पडू शकत होती. मुक्त विद्यापीठ घेतले तर दोघींना सारखेच मिळाले असते, पण वर्ग कोणालाच नाही.

धाकटी म्हणाली, "ताई, तुम्ही जा. मला अजून वेळ आहे." थोरली म्हणाली, "अगं, मागेही तू असंच म्हणाली होतीस. तेव्हा मुलं लहान होती." यावर बराच वेळ दोघींपैकी कोणी बोलले नाही. अखेर सासूबाईंनीच पलंगावरून निकाल दिला : "थोरलीचा मान आधी."

त्याप्रमाणे थोरली अध्ययनशाळेत जाते आणि धाकटी मुक्त विद्यापीठाचा इतिहास घरी वाचते. रात्री भांडी आवरली की वर्गातली टिपणे मोठ्याने वाचली जातात. सासूबाईही ऐकतात, मधूनच एखादा राजा पुन्हा विचारतात. वर्ग आम्हां दोघींना सारखा मिळाला, असे म्हणवत नाही. टिपणांतून बाक घरी आणता येत नाही.

आमच्या वाचक भगिनींपैकी कोणी या वाटेने निघणार असेल, तर एवढेच सुचवावेसे वाटते : मान्यता आणि परीक्षेची भाषा तपासाच, परंतु आपले नेमके काय राहून गेले, हे आधी स्वतःला विचारा, आणि आपण बाहेर पडल्यावर घरी कोण थांबणार, हेही अर्ज भरण्यापूर्वीच ठरवा. विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात या दोन प्रश्नांसाठी रकाना नसतो.