रोलर निर्दोष होता

आपण नक्की किती फिरलो, हे स्टेपर मोटर कुणाला सांगत नाही. मायक्रोकंट्रोलर पल्स पाठवतो, ड्रायव्हर त्याप्रमाणे कॉइलमधला प्रवाह बदलतो आणि मोटर तेवढी फिरली असं प्रोग्राम धरून चालतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या युनिटसाठी मी वायर मापात कापणारं यंत्र बनवलं, तेव्हा मीही तसंच धरून चाललो आणि चूक दिसल्यावर ती दुसऱ्याच्या माथी मारली.

मोटर एका फेऱ्याला २०० स्टेप घेणारी, म्हणजे एक स्टेप १.८ अंशांची. ड्रायव्हर १६ मायक्रोस्टेपवर, म्हणजे एका स्टेपला १६ पल्सवर लावलेला, रोलरचा घेर ८० मिलिमीटर. हिशेब सरळ होता: मिलिमीटरला ४० पल्स. पण ५०० मिलिमीटरची वायर मागितली की कधी बरोबर यायची, कधी कमी. मी मालकांना सांगून टाकलं की रोलर घसरतोय. डोंबिवली एमआयडीसीतल्या ज्या टर्नरकाकांनी तो बनवला होता, त्यांनी तक्रार न करता खोल नर्लिंगचा, म्हणजे पकडीसाठी खोल खाचा पाडलेला नवा रोलर करून दिला. फरक पडला नाही. तरीही मी त्यांच्याच कामात खोट काढत राहिलो. याची मला आजही लाज वाटते.

शेवटी काका स्वतः ठाण्याला आले. कापलेल्या वायरींची मापं तिथल्या ताई वहीत लिहून ठेवत. ती वही वाचून ते म्हणाले, “साहेब, रोलर घसरला तर माप कसंही येईल. हे तर ठरल्यासारखं दीडने नाहीतर तीननेच कमी येतंय.”

उत्तर त्या वहीतच होतं. अशा मोटरचं विद्युतचक्र चार पूर्ण स्टेपचं असतं. रोटरची पकड सुटली, तर तो चारच्या पटीतच मागे पडून पुन्हा पकड घेतो. चार स्टेप म्हणजे ७.२ अंश, आणि माझ्या रोलरवर ७.२ अंश म्हणजे १.६ मिलिमीटर. थांबलेल्या मोटरला मी पहिल्या पल्सपासूनच पूर्ण वेग देत होतो. तिला वायरचं जड बंडलही ओढायचं होतं, त्यामुळे सुरुवातीलाच तिच्या स्टेप सुटत होत्या. वेग पायरीपायरीने चढवायला हवा, हे मला ठाऊक होतं. डेव्हिड ऑस्टिन यांनी २००५ साली मांडलेली रीत त्यासाठीच आहे. त्यात पुढच्या पल्सचं अंतर आधीच्या अंतरावरून साध्या भागाकाराने काढता येतं, दर पल्सला वर्गमूळ काढावं लागत नाही. मी ते काम ‘नंतर करू’ म्हणून बाजूला ठेवलं होतं. तो कोड घातला आणि मापं जुळली.

दुसरी चूक यंत्र दिल्यानंतर उघडी पडली. एक मीटरची ऑर्डर आली आणि मोटर वायर उलटी ओढू लागली. मला आधी वायरिंगचा संशय आला. दोष मिलिमीटरना ४० ने गुणून पल्स काढणाऱ्या माझ्या एका ओळीत होता. यंत्रातल्या एटीमेगा ३२८पी मायक्रोकंट्रोलरवर ‘इंट’ हा पूर्णांकाचा प्रकार १६ बिटांचा असतो, ३२,७६७ च्या पुढे जात नाही. उत्तर ठेवायला मी त्याहून मोठा ‘लाँग’ घेतला होता आणि त्यावरच निर्धास्त होतो. पण गुणायचे दोन्ही आकडे इंट असतील, तर सी भाषेत गुणाकारही इंटमध्येच होतो. उत्तर लाँगमध्ये पोचेपर्यंत ४०,००० चे उणे २५,५३६ झालेले होते. उणे आलं की दिशा उलटी, हा नियम मीच लिहिलेला. कल्याणला घरी लॅपटॉपवर हाच हिशेब तपासला, तेव्हा तो बरोबर आला होता, कारण तिथे इंट ३२ बिटांचा. ४० च्या पुढे एक ‘एल’ लिहिल्यावर काम झालं.



टर्नरकाकांची माफी मी मालकांसमोरच मागितली, कारण दोषही त्यांच्यासमोरच दिला होता. दुसऱ्या रोलरचे पैसे मी भरले.

तुम्ही असं यंत्र करत असाल, तर ३२,७६७ ला तुमच्या दर मिलिमीटरच्या पल्सनी भागा आणि येणाऱ्या आकड्याच्या पुढचं माप स्वतः घालून पाहा. माझ्या यंत्रात ते ८२० मिलिमीटर होतं आणि मी ५०० वरच थांबलो होतो.