विकलेली गिटार

शाळेतील संगीताविषयी लिहावे, असे स्मरणिका समितीने सुचविले. वंदनेचा सूर, पेटी, ढोलकी यांविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मी गेल्या वर्षी केलेल्या एका विक्रीविषयी लिहितो.

माझ्याकडे काळ्या रंगाची गिब्सन लेस पॉल ही इलेक्ट्रिक गिटार होती. मीही ती जुनीच घेतली होती, भीमगीतांच्या पार्टीत वाजवून साठवलेल्या पैशांतून. एवढ्या महागड्या अमेरिकन वाद्याचे शहापूर-मुरबाडच्या मांडवात काय काम, असे पुष्कळांनी विचारले. चौदा एप्रिलच्या मांडवात वीज कुठून तरी ओढून आणलेली असते. साध्या गिटारीतून तिची घरघर गाण्याच्याही वर ऐकू येते. माझ्या लेस पॉलमध्ये तांब्याच्या तारेची दोन वेटोळी एकमेकांच्या उलट जोडलेली होती. त्यामुळे घरघर आपसात मिटे आणि सुराचा नाद तेवढा उरे. चार किलोंहून जड असलेले ते वाद्य मी बावीस वर्षे खांद्यावर वागवले.

अखेर खांदा दुखू लागला, आणि मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसेही भरायचे होते. मागणी 1 लाख 60 हजारांची ठेवली.

सरळगावकडचा एक तरुण किन्हवलीमार्गे मोटारसायकलवरून आला. "जय भीम, दादा," म्हणून ओटीवर बसला. तारा छेडल्या, पट्ट्यांची झीज पाहिली, क्रमांक टिपून घेतला. पैसे सोबत आणले होते.

एक गोष्ट त्याला दिसली नव्हती. या गिटारीचे खुंट्यांचे डोके मागे कललेले असते आणि नेमके त्याच ठिकाणी आतल्या सळईसाठी लाकूड पोखरलेले असते. वाद्य पडले की तिथेच मोडते. माझे एका मांडवात पडले होते. मुंबईच्या कारागिराने ते इतके सफाईने चिकटवले की आवाजात काडीचा फरक पडला नाही. मात्र बाजारात अशा वाद्याची किंमत कितीतरी उतरते. वरून काळा रंग होता. त्याने विचारले नव्हते.

सातवीत असताना माझ्या हातून प्रार्थनागृहातील पेटीचा भाता फाटला होता. मी वर कापड टाकून निघून गेलो. गुरुजींनी चौकशी केली नाही. दुसऱ्या दिवशी पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी ते थांबले. तिसऱ्या दिवशीही थांबले. चौथ्या दिवशी मी उभा राहिलो. शिक्षा झाली नाही, याचाच मला अधिक राग आला होता, हे आज लिहायला हरकत नाही.

मी आतून बॅटरी आणली आणि तिरका प्रकाश टाकून मोडीची रेघ त्याला दाखवली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, मी नव्वदच देऊ शकेन." मनातून मी एक लाख दहाची आशा धरून होतो. पत्नी दारात उभी होती. तिने ऐकले आणि आत निघून गेली. प्रवेशाची उरलेली रक्कम पुढे पतपेढीतून उचलावी लागली. त्याचे हप्ते अजून चालू आहेत, आणि ही विक्री शहाणपणाची होती, असे घरात कुणी म्हणत नाही.

पैसे मोजून झाल्यावर त्या मुलाने माझे बोट धरले आणि मोड नेमकी कुठून कुठवर आहे, ते पुन्हा एकदा दाखवायला सांगितले. मग तारा थोड्या सैल केल्या, पेटी पाठीला बांधली आणि तो किन्हवलीच्या रस्त्याला लागला.